पर्थहून बर्म्युडाला, पाण्याखालून

21 मार्च 1960 रोजी ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेकडच्या पर्थ शहरापासून दूर समुद्रात ‘डायमंटिना’ नावाच्या जहाजानं एकामागून एक तीन पाणसुरुंग सोडले. प्रत्येकात तीनशे पौंड स्फोटक. सुरुंग ठरलेल्या खोलीवर फुटले, वर थोडं पाणी उसळलं आणि समुद्र पुन्हा होता तसा झाला. पावणेचार तासांनी जगाच्या दुसऱ्या टोकाला, अटलांटिक महासागरातल्या बर्म्युडा बेटाजवळ पाण्यात बसवलेल्या हायड्रोफोनना, म्हणजे पाण्याखालच्या मायक्रोफोनना, ते स्फोट ऐकू आले. अंतर जवळजवळ वीस हजार किलोमीटर. पृथ्वीवर याहून लांब जायला जागाच नाही. त्यापुढे गेलात तर परतीचा रस्ता सुरू होतो.

तेवढाच सुरुंग जमिनीवर फुटला असता तर दोन-चार गावं ओलांडेपर्यंत विरून गेला असता. पाण्यात मात्र तो हिंदी महासागर पार करून, आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून अख्खा अटलांटिक कापत गेला. हे कसं जमलं, हा प्रश्न आहेच. पण त्याहून मजेशीर प्रश्न वेळेचा आहे. पावणेचार तासच का लागले? चार का नाही, साडेतीन का नाही? समुद्राबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातला एक मोठा भाग या ‘किती वेळ लागला’ मधून निघाला आहे.

समुद्राच्या पोटात डोकावायला दुसरं साधन जवळपास नाही. सूर्यप्रकाश दोनशे मीटरपर्यंत बऱ्यापैकी पोचतो, हजार मीटरच्या खाली मिट्ट काळोख. रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात शिरल्या की थोड्याच अंतरात मरतात. उपग्रह समुद्राचं तापमान सांगतात, पण ते वरच्या कातडीचं. ध्वनीला मात्र पाणी मानवतं. हवेत तो सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, समुद्रात सुमारे 1500 मीटर. शिवाय सूर जितका खर्जातला तितका तो कमी थकतो.

हा वेग पहिल्यांदा नीट मोजला गेला तो समुद्रात नव्हे, स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या जिनिव्हा सरोवरात, 1826 च्या नोव्हेंबरमध्ये. एका काठाजवळच्या होडीखाली पाण्यात घंटा टांगलेली. तिच्यावर हातोडा पडला की त्याच दांड्यानं वर होडीत बंदुकीची दारू पेटायची. तेरा किलोमीटरहून जास्त अंतरावर दुसऱ्या होडीत झां-दानिएल कोलादों पत्र्याची लांब नळी पाण्यात बुडवून, कान लावून बसलेला. दूर रात्रीच्या अंधारात दारूचा भडका दिसला की घड्याळ सुरू, नळीतून घंटेचा टोला आला की बंद. कोलादों आणि त्याचा गणितज्ञ मित्र चार्ल्स स्टुर्म यांचा आकडा निघाला सेकंदाला 1435 मीटर, पाणी आठ अंश सेल्सिअस असताना. आजच्या आकड्यापेक्षा तो अवघ्या काही मीटरनी कमी आहे. थंडीत होडीत बसून कानानं ऐकून काढलेला आकडा इतका जवळ यावा, याचं मला आजही नवल वाटतं.

त्या निकालातले ‘आठ अंश’ महत्त्वाचे. कारण पाणी तापलं की ध्वनी पळतो. समुद्रात तापमान एका अंशानं वाढलं तर वेग सेकंदाला तीन ते साडेचार मीटरनी वाढतो. खोली वाढली की दाब वाढतो आणि दर शंभर मीटरला वेगात पावणेदोन मीटरची भर पडते. खारटपणाचाही हात असतो, पण लहान.

आता वरून खाली उतरत जाऊ. पृष्ठभागापाशी पाणी उबदार, म्हणून ध्वनी वेगवान. जसजसं खाली जावं तसं पाणी गार होतं आणि वेग घटतो. पुढे एका खोलीनंतर पाणी आणखी फारसं गार होत नाही, पण दाब वाढतच राहतो, त्यामुळे वेग पुन्हा चढतो. मध्ये कुठेतरी असा एक थर येतो जिथे ध्वनी सगळ्यांत हळू चालतो. आणि ध्वनीची खोड अशी, की तो नेहमी हळू भागाकडे वळतो. वर निघाला तर वरचं वेगवान पाणी त्याला खाली वाकवतं, खाली निघाला तर खालचं वर वाकवतं. पृष्ठभागावर आपटणं नाही, तळावर आपटणं नाही. मधल्या मध्ये नागमोडी चालत तो हजारो किलोमीटर जातो. मॉरिस युइंग या अमेरिकन भूभौतिकतज्ज्ञानं आपल्या सहकाऱ्यांसह 1944 साली हा मार्ग प्रत्यक्ष स्फोट करून दाखवला. दोन वर्षांनी सोव्हिएत रशियात लिओनिद ब्रेखोव्स्कीख यांना तो स्वतंत्रपणे सापडला. आधी त्याचा उपयोग ठरला तो असा: समुद्रात पडलेल्या वैमानिकानं लहानसा स्फोटगोळा खाली सोडायचा, आणि दूरदूरच्या केंद्रांनी तो कधी ऐकू आला यावरून त्याचा ठिकाणा शोधायचा.

समशीतोष्ण पट्ट्यात हा संथ थर हजार मीटरच्या आसपास असतो. ध्रुवांकडे जावं तसा वर वर येतो. आपल्या अरबी समुद्रात मात्र तो दीड हजार मीटरच्याही खाली उतरलेला आहे. कारण तांबडा समुद्र आणि इराणचं आखात यांतून ऊन, खारट, जड पाणी सतत आत येतं आणि मधल्या खोलीवर पसरतं. त्यामुळे खाली बऱ्याच अंतरापर्यंत पाणी उबदार राहतं. म्हणजे कोकण किनाऱ्यापासून दूर खोल समुद्रात सोडलेला आवाज ज्या वाटेनं जातो, ती वाट कुठे असावी हे सुएझ आणि बसऱ्याकडचं ऊन ठरवतं.

या मार्गानं येणारा आवाज कानाला कसा लागतो, ते विलक्षण आहे. एक स्फोट झालेला असतो, क्षणभराचा. पण हजार किलोमीटरवर तो काही सेकंद लांबलेला ऐकू येतो. आधी क्षीण, तुटक ठोके. मग ते दाट होत जातात, आवाज चढत जातो, आणि टिपेला पोचला की कोणीतरी दार लावावं तसा एकदम बंद. विरत जाणं नाही, घुमणं नाही. याचं कारण असं: काही किरण मोठमोठी वळणं घेत वर उबदार पाण्यात आणि खाली दाबाच्या पाण्यात जाऊन येतात. त्यांचा रस्ता लांब, पण वाटेत पाणी वेगवान, म्हणून ते आधी पोचतात. थराच्या मधोमध सरळ चालणारे किरण सर्वांत कमी अंतर कापतात, पण सगळ्यांत संथ पाण्यातून. ते गर्दीनं शेवटी येतात.

यात एक मोठी देणगी दडलेली होती. प्रत्येक किरण वेगवेगळ्या खोलीतून हिंडून आलेला, आणि प्रत्येकाची पोचण्याची वेळ वेगळी. म्हणजे हायड्रोफोनवर उमटलेला तो लांबट आवाज हा वेगवेगळ्या थरांच्या तापमानाचा अहवाल होता. फक्त तो उलगडायचा कसा हे कोणी बघितलं नव्हतं. तोवर पाणबुड्या शोधणाऱ्यांच्या दृष्टीनं हा सगळा त्रासच होता. समुद्र आवाज वाकवतो, लांबवतो, उशीर करतो, आणि शत्रूची जागा चुकते. 1979 साली वॉल्टर मुंक आणि कार्ल वुन्श या दोघा समुद्रशास्त्रज्ञांनी ही तक्रार उलटी फिरवली. स्रोत कुठे आहे आणि ऐकणारा कुठे आहे हे आधीच पक्कं ठाऊक असेल, तर उरलेला सगळा उशीर समुद्राचा. तो मोजा आणि त्यावरून समुद्र काढा. इस्पितळातल्या सीटी स्कॅनमध्ये शरीरातून आरपार किरण सोडून आतलं चित्र रचतात, तसंच इथे महासागराचं. 1981 मध्ये बर्म्युडाच्या नैऋत्येला तीनशे किलोमीटर बाजू असलेल्या चौकोनात याचा पहिला मोठा प्रयोग झाला, आणि पाण्याखालचे उबदार-गार भोवरे सरकताना दिसले. ध्वनी दोन्ही दिशांनी सोडला तर प्रवाहही कळतो, कारण प्रवाहाबरोबर जाणारा आवाज किंचित आधी पोचतो आणि उलट येणारा किंचित उशिरा. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं 1993 मध्ये पूर्व अरबी समुद्रात हे तंत्र वापरलं.

पर्थच्या सुरुंगांची नोंदही लोकांनी पुन्हा बाहेर काढली आणि ती घोळत बसले. आवाज नेमका कुठल्या वाटेनं गेला, हेच आधी जुळेना. पृथ्वी पूर्ण गोल धरली तर एक वाट निघते. ध्रुवांकडे ती चपटी आहे हे हिशेबात घेतलं तर वाट सरकते, आणि इतक्या लांबच्या पल्ल्यात थोडं सरकणंही पुष्कळ होतं. शिवाय दक्षिणेकडचं पाणी गार, म्हणजे संथ, त्यामुळे आवाज आडवाही वाकतो, अंटार्क्टिकाकडे ओढला जातो. तीन सुरुंगांचा हिशेब लावता लावता पृथ्वीचा आकारही मध्ये यावा, हे मुंकसारख्या माणसाला आवडलं नसतं तरच नवल.

मुंकनं पुढे याच कल्पनेचा जगभर विस्तार करायचं ठरवलं. दक्षिण हिंदी महासागरात हर्ड नावाचं हिमनद्यांनी झाकलेलं निर्जन बेट आहे. त्याच्याजवळून पाण्यात सोडलेला आवाज एकीकडे अटलांटिकमध्ये आणि दुसरीकडे पॅसिफिकमध्ये थेट जाऊ शकतो. जानेवारी 1991 मध्ये ‘कोरी शुएस्ट’ जहाजावरून तिथे 57 हर्ट्झचा सूर सोडला गेला. 57 च का? कारण जगभरातली वीज 50 किंवा 60 हर्ट्झवर गुणगुणते आणि तिची गुणगुण उपकरणांत शिरते. भारतासह नऊ देशांचे श्रोते जागोजाग कान लावून होते. मुख्य प्रयोगाच्या आधी यंत्रं चालतात की नाही हे बघायला तंत्रज्ञांनी पाच मिनिटं सूर सोडला. काही तासांतच बर्म्युडाहून आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून कळलं, की आवाज आला. मुंकला जे सिद्ध करायचं होतं ते प्रयोग सुरू होण्याआधीच सिद्ध झालं. पुढे खवळलेल्या समुद्रात स्रोत एकेक करून नादुरुस्त झाले आणि प्रयोग ठरल्यापेक्षा लवकर आटोपला.

पण देवमाशांचं काय? तेही याच मार्गांनी एकमेकांना साद घालतात. त्यानंतरच्या पॅसिफिकमधल्या प्रयोगाला यावरून अमेरिकेत कडाडून विरोध झाला. देवमाशांवर परिणाम होतो का याची पाहणी करत करत तो प्रयोग 1996 ते 2006 या काळात मध्ये खंड पडत चालला, आणि नंतर थांबला. मला तो विरोध अडाणीपणाचा वाटत नाही. समुद्राचा ताप मोजण्यासाठी समुद्रात राहणाऱ्यांच्या कानाशी वर्षानुवर्षं सूर धरायचा, याला कोणी हरकत घेणं साहजिक आहे.

आता तळाकडे येऊ. उथळ समुद्रात आवाजाला मधला थर सापडत नाही. तो पृष्ठभाग आणि तळ यांच्यामध्ये आपटत जातो, आणि प्रत्येक आपटीत तळाची काहीतरी खूण घेऊन वर येतो. जुने खलाशी शिशाचं वजन दोरीनं खाली सोडत, त्याच्या बुडाशी खळग्यात चरबी भरत आणि तिला काय चिकटून आलं ते नकाशात लिहीत: एम म्हणजे चिखल, एस म्हणजे रेती. त्यात वरचं बोटभर कळायचं. ध्वनी त्याखालचेही थर सांगतो.

रेतीचे कण एकमेकांना टेकलेले असतात. तो सांगाडा ताठ, म्हणून रेतीत ध्वनी पाण्यापेक्षा वेगवान, सेकंदाला 1700 मीटरच्या घरात. याचा परिणाम असा, की तळाशी 28 अंशांपेक्षा कमी कोन करून आलेला आवाज रेतीत शिरतच नाही, पुरता परत फिरतो. रेतीवरच्या समुद्रात म्हणूनच आवाज लांब जातो. चिखलाची तऱ्हा वेगळी. मातीचे सूक्ष्म पापुद्रे पाण्यात जेमतेम एकमेकांना शिवत तरंगत असतात. कणांमुळे चिखल जड होतो, पण ताठ होत नाही. जड झाला आणि ताठ झाला नाही, म्हणजे ध्वनी मंदावणार. मऊ चिखलात तो चक्क वरच्या पाण्यापेक्षाही हळू चालतो. आणि मग एक अजब गोष्ट घडते: एका विशिष्ट तिरक्या कोनात आलेला आवाज जवळजवळ सगळाच्या सगळा चिखलात शिरतो. त्या कोनात तळ जणू नाहीच.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या दक्षिणेला असाच चिखलाचा एक मोठा पट्टा आहे, वर दहा-बारा मीटर चिखल आणि खाली रेती. 2017 च्या वसंतात तिथे अनेक संस्थांची जहाजं आणि शास्त्रज्ञ फक्त या चिखलाचं ऐकायला जमले. स्फोट झाले, सूर सोडले गेले. त्याहून मला आवडलेली गोष्ट म्हणजे जवळून जाणाऱ्या मालवाहू जहाजांची घरघरही त्यांनी वापरली. जहाजाला पत्ता नसतो, ते आपल्या वाटेनं जातं, आणि त्याच्या पंख्याचा आवाज तळाला आपटून हायड्रोफोनवर चिखलाची जाडी आणि त्यातला वेग लिहून जातो.

यात खर्ज आणि टीप यांची वाटणी कामाला येते. टिपेचे सूर पाण्यातच राहतात, खर्जातले सूर तळात खोलवर पाय बुडवून चालतात. म्हणून स्फोटाचा एकच ‘धप’ काही किलोमीटर गेल्यावर सुटासुटा होतो, आणि वेगवेगळे सूर वेगवेगळ्या वेळी पोचतात. खाइम पेकेरिस यांनी 1948 साली याचं गणित मांडलं. त्या वेळांमधून तळाखालचे थर मोजता येतात. मासेमारीच्या बोटींवरच्या ध्वनियंत्राच्या जातीचीच उपकरणं वापरून गोव्याच्या त्याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर 33 आणि 210 किलोहर्ट्झ असे दोन सूर एकाच जागी सोडून तळ ओळखण्याचं काम केलं. उंच सूर वरच्या वरच परततो, खालचा जरा आत शिरून येतो. किनाऱ्यालगत नद्यांनी आणलेला चिखल आणि दूरच्या खोल पाण्यात जुनी रेती-शिंपले, अशी आपल्या उथळ समुद्राची ढोबळ रचना आहे. ती रेती हिमयुगातली, समुद्र आजच्यापेक्षा शंभरहून जास्त मीटर खाली होता तेव्हाची. चिखलात कुठे कुठे कुजलेल्या जैविक गाळाचा मिथेन वायू साठलेला असतो. वायूचे थोडेसे बुडबुडेही आवाज गिळून टाकतात, आणि आलेखात त्याखालचं सगळं काळ्या पडद्यामागे जातं. वायू निसटून गेला की तळावर खळगे उरतात. गोव्यापासून दूर समुद्रात असे खळगे ध्वनीनंच शोधून मोजलेले आहेत.

इथवर वाचून हे सोपं वाटलं असेल तर एक गोम सांगायला हवी. कुंभाराकडे मडकं घेताना आपण टिचकी मारतो आणि आवाजावरून ठरवतो: पक्कं भाजलंय की कच्चं, तडा आहे की नाही. पण बदबद आवाज आला तर तो तड्यामुळे, की कच्च्या मातीमुळे, की मडकं ओलं आहे म्हणून? समुद्रतळाचं नेमकं हेच. पातळ चिखल आणि खाली मऊ रेती, किंवा जाड चिखल आणि खाली घट्ट रेती, दोन्हींतून जवळपास सारखाच आवाज येऊ शकतो. म्हणून शास्त्रज्ञ उलट वाटेनं जातात. संगणकात हजारो काल्पनिक तळ रचतात, प्रत्येकावरून काल्पनिक आवाज पाठवतात, आणि खऱ्या नोंदीशी कोणकोणते जुळतात ते बघतात. उत्तर एक येत नाही, उत्तरांचा पुंजका येतो. चिखलाची जाडी बहुधा इतकी, आणि ‘बहुधा’ म्हणजे नेमकं किती, हेही आकड्यात. पाण्याचं तापमान दिवसभरात बदललं तर त्याचा दोष चिखलाच्या माथी जाऊ नये, म्हणून पाणीही त्याच वेळी मोजावं लागतं.

समुद्रात आवाज काही फक्त माणूस करत नाही. एक मिलिमीटरचा पावसाचा थेंब पाण्यावर पडला की खाली इवलासा बुडबुडा अडकतो आणि तो सुमारे 15 किलोहर्ट्झवर किणकिणतो. त्यावरून भर समुद्रातला पाऊस मोजतात. आणि सगळ्यांत मोठा आवाज भूकंपाचा. समुद्राखालच्या भूकंपाचा काही भाग पाण्यात शिरतो आणि त्याच मधल्या मार्गानं दूर जातो. जमिनीतून येणाऱ्या पहिल्या दोन लाटांनंतर तो तिसरा पोचतो, म्हणून भूकंपशास्त्रात त्याला टी-लाट म्हणतात.

सुमात्राच्या पश्चिमेला नियास बेट आहे. तिथे भूगर्भातल्या त्याच त्या फटी पुन्हा पुन्हा तशाच घसरतात. पाच वर्षांच्या अंतरानं झालेल्या दोन धक्क्यांचे आलेख एकावर एक ठेवले तर जुळ्या भावंडांसारखे जुळतात. जमिनीवरच्या केंद्रांवरून दोन धक्क्यांमधला नेमका काळ कळतो. 2020 मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या वेनबो वू आणि सहकाऱ्यांनी यातून एक सुंदर गोष्ट केली. नियासहून हिंदी महासागर ओलांडून सुमारे 2900 किलोमीटरवरच्या दिएगो गार्सिया बेटावर टी-लाट अर्ध्या तासात पोचते. धक्का तोच, जागा तीच, अंतर तेच, तरी पुढच्या जुळ्याची लाट किंचित आधी आली तर वाटेतलं पाणी तापलेलं असणार. 2005 ते 2016 मधल्या अशा जोड्यांवरून निघालं, की त्या पट्ट्यातला महासागर दर दशकाला सुमारे 0.044 अंशानं तापत आहे. वेळेच्या भाषेत हा फरक दशकात पाव सेकंदाच्या आसपास. महासागरात सोडलेली चार हजारांच्या घरातली ‘आर्गो’ नावाची तरंगती यंत्रं दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून तापमान मोजतात. त्यांच्या आकड्यांवरून निघणाऱ्या अंदाजापेक्षा हा वेग जास्त आहे.

आर्गोची सुरुवात 2000 च्या सुमाराची. त्याआधीच्या खोल समुद्राचं तापमान तुरळक ठिकाणीच मोजलेलं आहे. भूकंपमापकांच्या नोंदी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून साठत आल्या आहेत, आणि त्यांत टी-लाटाही आपसूक उमटलेल्या आहेत. ज्यांनी त्या नोंदवल्या त्यांना समुद्राशी देणंघेणं नव्हतं. त्यांतल्या एखाद्या जुन्या धक्क्याचा जुळा आज त्याच फटीत झाला आणि दोन्ही आलेख नीट जुळले, तर मधल्या काळात समुद्र किती तापला ते हिशेबानं काढता येईल. असे जुळे शोधण्याचं काम आता सुरू झालं आहे.